टाचांच्या भेगा परत परत का येतात: काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

माणदेशातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या ड्रेसिंग रूममध्ये मी परिचारिका आहे. दसरा उलटला की आमच्याकडे उललेल्या टाचा यायला लागतात, त्या होळीपर्यंत थांबत नाहीत. त्यातले बरेच पाय ओळखीचे असतात, कारण तेच पाय गेल्या हिवाळ्यातही आलेले असतात. प्रत्येकाने काही ना काही लावून बघितलेलं असतं: खोबरेल, तूप, दुधाची साय, मेण, शेजारणीने सांगितलेलं मलम. आठ दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा फुटतं.

आपण भेगेचा उपाय करताना धरून चालतो की पायाला तेल कमी पडलंय. खरं तर भेग पडायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. कातडं कोरडं व्हावं लागतं, ते जाड व्हावं लागतं आणि त्यावर अंगाचा भार पडावा लागतो. यातली एकच गोष्ट सांभाळली तर भेग मिटते, पण कायमची जात नाही. म्हणून खाली दिलेल्या क्रमाने बघत जा. फुकटातलं आधी, पैशाचं नंतर आणि डॉक्टर लागतील ते शेवटी.

लक्षणं: आधी पाय नीट बघा

दिवसाउजेडी ओट्यावर बसा आणि टाचेची मागची बाजू आरशात बघा. वयस्कर माणूस असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणी बघावं, कारण वाकून स्वतःची टाच बघणं अनेकांना जमतच नाही.

साधी भेग अशी दिसते: दोन्ही टाचांवर, टाचेच्या कडेला, वरून खाली गेलेली. कडेचं कातडं पिवळसर, जाड आणि शिंगासारखं टणक. भेगेत मळ बसून काळी रेघ. सकाळी पहिलं पाऊल टेकवताना कळ, दिवसभर चाललं की ठणका. रात्री गोधडीचा दोरा भेगेत अडकतो, साडीचा काठ अडकतो. पावसाळ्यात आपोआप कमी होतं, ऑक्टोबरचं ऊन तापलं की परत सुरू. हे वर्णन जुळत असेल तर बहुतेकदा घरच्या घरी काम होतं.

पण सगळं फुटलेलं कातडं म्हणजे भेग नव्हे. पुढचं काही दिसलं तर उपाय वेगळा आहे:

बोटांच्या बेचक्यात कातडं पांढरं, भिजल्यासारखं, खाज आणि वास. या चिखल्या. भातलावणीत कोकणात आणि मावळात घरोघरी असतात. इथे तेल, मलम लावून ओल वाढवायची नाही, उलट पाय कोरडा ठेवायचा.

तळव्याच्या रेषारेषांत पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा कोंडा, एक पाय जास्त खराब, सोबत एकाच तळहातावर तसंच कोरडं कातडं, एखादं नख पिवळं आणि जाड. ही बुरशी असण्याची शक्यता मोठी.

काठ ठळक असलेले तांबडे चट्टे, त्यावर जाड पापुद्रे, तळव्याच्या मध्यभागीसुद्धा. कोपरावर, गुडघ्यावर, डोक्यात तसंच. हा सोरायसिस असू शकतो.

पावलावर चपलेच्या पट्ट्याच्या आकाराचा काळा किंवा तांबडा डाग आणि खाज. ही चपलेच्या रबराची, चिकट पदार्थाची किंवा चामड्याच्या रसायनाची ॲलर्जी.

आणि शेवटचं, ज्याला लोक हसून सोडून देतात: भेग खोल आहे, रक्त येतं, पण दुखत नाही.

सगळ्यात आधी: पायाला कळतंय का?

ही तपासणी पहिली ठेवली कारण तिला पैसा लागत नाही आणि बाकीचं सगळं हिच्यावर अवलंबून आहे.

एक आजी आल्या होत्या. टाच मधोमध चिरलेली, आतलं लाल मांस दिसत होतं. मी विचारलं, "आजी, दुखतंय का?" म्हणाल्या, "न्हाई गं बाई, काय सुदीक दुखत न्हाई. औंदा बरं हाय." भेग धुताना चिमट्याला काहीतरी टणक लागलं. बाभळीचा काटा होता, अर्ध्या बोटाएवढा. त्यावरून त्या रोज शेतात जाऊन येत होत्या. त्यांची साखर तपासली तेव्हा मधुमेह आहे हे पहिल्यांदा कळलं.

दुखणं हा पायाचा राखणदार आहे. मधुमेह बरीच वर्षं अंगात राहिला की पायाच्या नसा बधिर होतात. त्यातच घाम आणणाऱ्या नसाही कमजोर होतात, म्हणून पाय कोरडा पडतो आणि फुटतो. म्हणजे एकाच कारणाने भेग पडते आणि ती पडल्याचं कळतही नाही.

घरी अशी तपासणी करा. माणसाला झोपवा, डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपल्या बोटाने अगदी हलका स्पर्श करा, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, टोचायचं नाही, घासायचं नाही. स्पर्श झाला की त्याने 'हां' म्हणायचं. एकूण ६ बोटं होतात. त्यातली २ किंवा जास्त कळली नाहीत तर पायाची संवेदना कमी झाली आहे असं धरा. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रुग्णालयात बसवलेली ही पद्धत आहे, तिला कुठलंही साधन लागत नाही.

संवेदना कमी असेल किंवा मधुमेह असेल तर यापुढचं गरम पाण्यात पाय सोडणं, घासणं, कातडं सोलणारी मलमं लावणं यातलं काहीही स्वतःच्या मनाने करायचं नाही. फक्त पाय धुणं, पुसणं, व्हॅसलीनसारखं साधं मलम लावणं आणि चपला बदलणं एवढंच करा आणि डॉक्टरांना पाय दाखवा.

पहिली तपासणी: पाय दिवसातून किती वेळ कशात भिजतो?

तळपायाच्या कातड्याला तेलाच्या ग्रंथीच नसतात. घामाच्या ग्रंथी भरपूर असतात, पण अंगावरच्या इतर कातड्याला जो स्वतःचा तेलकट ओलावा मिळतो तो तळव्याला मिळत नाही. त्यामुळे साबणाने जे जातं ते भरून यायला तिथे वेळ लागतो.

बायकांना मी पहिला प्रश्न विचारते: कपडे कुठे धुता? मोरीत उकिडवं बसून धुणं धुताना पावडरीचं पाणी सगळं टाचांखालून वाहतं. अर्धा-पाऊण तास टाचा त्या पाण्यात असतात. कपड्याची पावडर तेलकट डाग काढायलाच बनवलेली असते, ती कातड्याचं तेल सोडत नाही. भांडी घासताना तेच, फरशी पुसताना तेच. यावर उपाय इतका साधा आहे की कुणी मनावर घेत नाही: मोरीत रबरी चपला घालून बसा किंवा पाटावर बसून पाय बाजूला काढा. काम झालं की पाय साध्या पाण्याने धुऊन लगेच पुसा. आठ-दहा दिवसांत फरक दिसतो.

पुरुषांमध्ये दारं धरणाऱ्यांचे, म्हणजे पिकाला पाणी देणाऱ्यांचे, पाय जास्त फुटतात. शेतीची लाइट रात्रीची असली की थंडीत चिखलात उभं राहायचं, पाय भिजायचा, बांधावर वाळायचा, पुन्हा भिजायचा. कातडं असं सारखं भिजून वाळलं की आधीपेक्षा जास्त कोरडं होतं. गुडघ्यापर्यंतचे गमबूट महाग वाटतात, पण एका हंगामाच्या मलमांच्या खर्चाशी ताडून बघा. गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्यांनी तर सिमेंटात अनवाणी उभंच राहू नये. ओलं सिमेंट कातडं जाळतं आणि त्याची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.

आंघोळीचं पाणी कडकडीत असेल तर तेही कोमट करा. बंबाचं पाणी अंगावर बरं वाटतं, पण थंडीत कातड्याचा उरलासुरला ओलावा त्यात जातो.

दुसरी तपासणी: चपला उलट्या करून बघा

मलमांवर पैसे घालणारा माणूस चपलेकडे बघत नाही. मला तर पाय बघायच्या आधी चपला बघायची सवय लागली आहे.

भाकरी थापताना पीठ कोरडं मळलं असेल तर मध्ये थापलं की कडा फाटतात, तसं टाचेचं होतं. टाचेच्या हाडाखाली चरबीची गादी असते. अंगाचा भार पडला की ती दबून बाजूला पसरते. कडेचं कातडं मऊ असेल तर ते ताणतं आणि परत येतं. जाड, कोरडं असेल तर ताणायच्या ऐवजी फाटतं. म्हणून भेगा नेहमी कडेला आणि उभ्या असतात. वजन वाढलं, दिवसभर उभं राहायचं काम असलं की ताण वाढतो. पोळी-भाजी केंद्रात काम करणाऱ्या, दुकानात उभ्या असलेल्या, कंडक्टर, शिक्षक, सगळे यात येतात.

मागून उघड्या चपलेत टाचेला आधार द्यायला काहीच नसतं, ती हवी तशी पसरते. त्यात चपल झिजलेली असेल तर टाच तिच्या काठाबाहेर लोंबते आणि तो काठ रोज त्याच जागी टोचतो. चपल उलटी करा. टाचेच्या एका बाजूचा तळ झिजून तिरका झाला आहे का? चपलेत उभं राहा आणि कुणाला तरी मागून बघायला सांगा. टाच बाहेर आली आहे का? तसं असेल तर ती चपल बदलल्याशिवाय बाकी उपाय टिकायचे नाहीत.

काय घ्यायचं: मागे पट्टा किंवा बंद टाच, जाड पण दाबली तर दबणारा तळ, टाचेपेक्षा थोडी रुंद बैठक. बूट-मोजे घालता येत असतील तर थंडीचे चार महिने तेच उत्तम. कोल्हापुरी चपल आपल्या अभिमानाची खरी, पण तिचा तळ सपाट आणि कडक, मागे आधार नाही. भेगा भरेपर्यंत ती सणासमारंभापुरती ठेवा. घरात शहाबादी फरशी किंवा गार लादी असेल तर घरातसुद्धा मऊ चपल वापरा. स्वयंपाकघरात चपल चालत नाही अशी घरं खूप आहेत, तिथे जाड सुती मोजे चालतात.

नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहणाऱ्या बायका दसऱ्यानंतर हमखास येतात. व्रत सोडा असं मी कुणाला म्हणत नाही. पण घटस्थापनेच्या दोन-तीन आठवडे आधीपासून टाचांची निगा सुरू करा आणि त्या नऊ दिवसांत रोज रात्री पाय धुऊन मलम लावा. वारीला अनवाणी जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

तिसरी तपासणी: कातडं किती जाड झालंय?

नखाने टाचेची कड दाबा. खड्डा पडत नसेल, दगडासारखी लागत असेल, तर वरून लावलेलं काहीही आत पोचणार नाही. हे जाड कातडं आधी पातळ करावं लागतं. तेल लावूनही उपयोग नाही म्हणणाऱ्या दहांतल्या बहुतेकांचं इथेच अडलेलं असतं.

रात्री कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटं पाय सोडा. पाणी किती गरम आहे ते पायाने नाही, हाताच्या कोपराने बघा. मीठ, सोडा, शाम्पू, लिंबू काही घालायची गरज नाही. लिंबू तर उघड्या भेगेत नुसतं झोंबतं. अर्धा-एक तास पाय सोडून बसू नका, कातडं फुगतं आणि नंतर अधिक सुकतं.

मग टाच घासायची खरखरीत वजरी घ्या. ओल्या टाचेवर हलक्या हाताने, एकाच दिशेने, कडेवरून फिरवा. भेगेच्या आत घासायचं नाही. जाड कड उतरवायची, म्हणजे भेगेची दोन्ही ओठं खाली येतात आणि चालताना फाकत नाहीत. एका बसणीत सगळं काढायचा हट्ट नको. आठवड्यातून दोन-तीन वेळा थोडं थोडं. कातडं गुलाबी दिसायला लागलं की थांबा. रोज घासघासून लाल केलेली टाच स्वतःला वाचवायला आणखी जाड कातडं तयार करते. वजरी स्वतःपुरतीच ठेवा, वापरून झाली की साबणाने धुऊन उन्हात वाळवा. घरात एकाला बुरशी असेल तर तीच वजरी ती सगळ्यांना वाटते.

दाढीचं पातं, चाकू, कात्री टाचेला लावू नका. पात्याने कातडं 'साफ' करताना जिवंत कातड्यात गेलेले आणि नंतर पिकलेले पाय आमच्याकडे दर हंगामात येतात.

चौथी तपासणी: काय लावता, आणि कधी लावता?

वेळ महत्त्वाची आहे. पाय धुऊन, टिपून, कातडं अजून किंचित ओलसर असताना, दोन-तीन मिनिटांच्या आत मलम लावायचं. तेल किंवा व्हॅसलीन पाणी देत नाही, ते असलेलं पाणी उडू देत नाही. सुकलेल्या टाचेवर रात्री अकरा वाजता चोळलेलं तेल कोरडेपणावरच झाकण घालतं.

सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचं म्हणजे साधं पांढरं पेट्रोलियम जेली, ज्याला आपण सरसकट व्हॅसलीन म्हणतो. टाचेला हरभऱ्याच्या दोन दाण्यांएवढं पुरतं. वर जुने सुती मोजे घाला. मोजे नसतील तर जुन्या सुती साडीची पट्टी सैल गुंडाळा. मोज्यामुळे मलम गोधडीला न लागता पायालाच राहतं. बोटांच्या बेचक्यात मात्र लावू नका, तिथे ओल साठली की चिखल्या होतात.

कोकणात आणि गोव्यात कोकमाच्या बियांचं तेल वापरतात, गोव्यात त्याला भिंडेल म्हणतात. ते थंडीत घट्ट असतं, गोळ्याच्या रूपात मिळतं. हा उपाय मला मनापासून आवडतो. ते अंगाच्या उबेने पघळतं आणि भेगेत भरून परत घट्ट होतं, म्हणून खोबरेलासारखं ओघळून जात नाही. गोळा बोटांनी चोळून मऊ करा आणि भेगेत भरा. चमच्यात वितळवून उकळतं तेल भेगेत सोडण्याची जुनी रीत काही घरांत आहे, तेल आणि मेणाचंही तसंच करतात. ते करू नका. भाजलेल्या टाचेची जखम भेगेपेक्षा जास्त दिवस घेते. राळेचं, म्हणजे झाडाच्या चिकट डिंकाचं, मलमही कड धरून ठेवतं, पण कुणाकुणाला राळेची खाज सुटते, तशी सुटली तर बंद करा.

फेविक्विकने भेग चिकटवून येणारेही असतात. आतली घाण आतच राहते आणि पिकते. तसं करू नका.

या चारही गोष्टी दोन आठवडे नेमाने केल्या की साध्या भेगेचा ठणका थांबतो. कातडं पूर्ण मऊ व्हायला मात्र महिना-दीड महिना लागतो, कारण तळव्याचं जाड कातडं नवं यायलाच तेवढा वेळ घेतं. लोक आठव्या दिवशी दुखायचं थांबलं की सोडून देतात, म्हणून परत येतात. दुखायचं थांबल्यावर पुढचे चार आठवडे लावत राहा आणि त्यानंतर होळीपर्यंत आठवड्यातून तीन रात्री.

पाचवी तपासणी: मेडिकलमधलं मलम

दोन आठवड्यांत कड मऊ झाली नाही तर युरियाचं मलम घ्या. युरिया हा शब्द ऐकून शेतकरी हसतात, पण आपल्या कातड्यातही तो निसर्गतः असतो, पाणी धरून ठेवायचं काम करतो. ट्यूबवर टक्केवारी लिहिलेली असते, ती वाचा. १० टक्क्यांचं मलम ओलावा टिकवतं, रोज लावायला चांगलं. २० ते २५ टक्क्यांचं जाड कातडं सैल करतं, ते फक्त टाचेच्या जाड कडेवर लावायचं. ४० टक्क्यांचं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. उघड्या, रक्त येणाऱ्या भेगेवर युरिया झोंबतो, म्हणून आधी चार-पाच दिवस व्हॅसलीनने भेग बंद होऊ द्या. सॅलिसिलिक ॲसिडचं मलमही कातडं सोलतं, पण मधुमेह असेल, पाय बधिर असेल किंवा मूल लहान असेल तर त्याला हात लावू नका.

आता जे सांगते ते नीट ऐका. दुकानात "खाजेवर, भेगेवर एकच मलम" म्हणून जी ट्यूब हातात पडते तिच्यावर घटक वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन यातलं काही लिहिलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. पहिल्या आठवड्यात कमाल गुण येतो: खाज थांबते, तांबूसपणा जातो. पण खाली बुरशी असेल तर ती दबून पसरत राहते, तिचे काठ पुसट होतात आणि नंतर डॉक्टरांनाही ओळखायला अवघड जाते. कातडं पातळ होतं ते वेगळंच. २०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा औषधांच्या यादीत घातली, तरी ती मागितली की मिळतात. स्टिरॉइड वाईट औषध नाही. सोरायसिसला आणि ॲलर्जीला डॉक्टर तेच देतात. मोजून, ठरावीक दिवस. पण भेगेला स्वतःच्या मनाने लावायचं ते मलम नव्हे.

बुरशीची शंका असेल तर टर्बिनाफिन किंवा क्लोट्रिमाझोलची साधी मलमं असतात, पण आधी खात्री करून घ्या. कातडं खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, केओएच म्हणतात त्या तपासणीला, आणि ती स्वस्त असते. जाड तळव्यात बसलेली बुरशी नुसत्या मलमाने बऱ्याचदा जात नाही, गोळ्या लागतात.

सहावी तपासणी: भेग पायात, कारण अंगात

सगळं नीट करूनही टाचा फुटत असतील तर रक्त तपासा. साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) आधी. त्यानंतर थायरॉइडचं टीएसएच, विशेषतः अंग सगळंच कोरडं असेल, थकवा, बद्धकोष्ठता, केस गळणं, थंडी सोसेनाशी होणं, वजन वाढणं यांची जोड असेल तर. थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर वर्षानुवर्षांच्या भेगा भरलेल्या मी बघितल्या आहेत.

पाळी जायच्या वयात काही बायकांच्या टाचांचं कातडं एकाएकी जाड होतं, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. लहानपणापासून तळहात-तळपाय जाड असतील आणि वडील, आत्या, काका यांचेही तसेच असतील तर ते घराण्यातून आलेलं आहे. ते पूर्ण जात नाही, पण त्वचारोगतज्ज्ञांच्या औषधाने आटोक्यात राहतं.

अंगावर कुठेही फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर स्पर्श कळत नसेल, पायाला किंवा हाताला बधिरपणा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. लाजायचं कारण नाही. सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहे, ६ किंवा १२ महिन्यांत पूर्ण होतो आणि औषध सुरू झालं की तो दुसऱ्याला लागायची भीती लवकरच राहत नाही. ज्यांच्या पायाचा बधिरपणा उरतो त्यांना मऊ रबराच्या खास चपला मिळतात. त्यांनी त्या घरातसुद्धा घालाव्यात.

विदर्भात, जिथे हत्तीपायाचे रुग्ण आहेत, तिथे सुजलेल्या पायाची छोटीशी भेगही दुर्लक्षून चालत नाही. तिथूनच जंतू आत जातात, थंडी-ताप येतो आणि प्रत्येक अशा तापानंतर सूज वाढते. त्यांनी पाय रोज साबणाने धुऊन, बेचके कोरडे करून, भेग दिसली की त्याच दिवशी दाखवावं.

इथे थांबा आणि दवाखाना गाठा

त्याच दिवशी जायचं: भेगेच्या आजूबाजूला लाली आणि सूज पसरत असेल, पाय गरम लागत असेल, पायावरून वर तांबडी रेघ चढत असेल, पू किंवा घाण वास असेल, जांघेत गाठ आली असेल म्हणजे आपण अवधाण आलं म्हणतो तसं, थंडी वाजून ताप आला असेल. मधुमेह असलेल्या माणसाला यातलं काहीही नसलं तरी रक्त येणारी किंवा काळी पडत चाललेली भेग त्याच दिवशी दाखवा. मधुमेहात पाय जातो तो बऱ्याचदा अशाच एका बारीक चिरेपासून, आणि वेळेत धुऊन-बांधून ती चीर भरली जाते.

खोल भेगेत शेण, माती गेली असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा. पाच वर्षं उलटली असतील तर डॉक्टरांना सांगा.

आठवडाभरात जायचं: स्पर्शाच्या तपासणीत २ किंवा जास्त बोटं चुकली, एकाच पायाला भेगा आहेत, नखं खराब होत चालली आहेत, तळहातही फुटतात, सांधे दुखतात, चट्टे वाढतात, किंवा वरचं सगळं महिनाभर नेमाने करूनही फरक नाही.

दवाखान्यात येताना रोजची चपल घालून या, नवी घालून येऊ नका. आजपर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून आणा, रिकाम्या असल्या तरी आणा. बुरशीची शंका असेल तर डॉक्टरांकडे जायच्या आधीचे काही दिवस बुरशीचं मलम लावू नका, खरवडून तपासताना ती सापडत नाही. त्या सकाळी पायाला तेल, मेंदी, हळद काही लावू नका, फक्त धुऊन पुसून या. कातड्याचा खरा रंग दिसला तर डॉक्टरांना पहिल्या भेटीतच निदान करता येतं.